दांडी लवते किती? गोल्फच्या शाफ्टवरची अक्षरं, आकडे आणि तो वाकडा आलेख

केळीवाला_रावेर

राम राम मंडळी. इथे केळी, कापूस आणि भरितावर धागे निघतात. माझा प्रश्न जरा आडवळणाचा आहे, सांभाळून घ्या.

पुण्यात नोकरीला असताना साहेबाच्या नादानं गोल्फ शिकलो. वडिलांना बाग झेपेना म्हणून गावी परत आलो, पण हा नाद काही सुटला नाही. शेडनेटचा उरलेला तुकडा दुहेरी करून गोठ्यामागे बांबूंवर ताणलाय. सकाळी ठिबक सुरू करायच्या आधी त्यात तीस-चाळीस चेंडू मारतो. गडी माणसं आधी हसायची, आता चेंडू वेचून देतात. खरा खेळ वर्षातून चार-पाच वेळा, पुण्याला साडूकडे गेलो की. तो येरवड्याला पूना क्लबच्या मैदानावर पाहुणा म्हणून घेऊन जातो.

तर झालं असं. मी ऑनलाइन एक जुना ड्रायव्हर (सगळ्यात लांब फटक्यासाठीचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) घेतला. शाफ्टवर, म्हणजे दांडीवर लिहिलंय: ६०, एस, टॉर्क ३.८, मिड. साडूच्या ड्रायव्हरवर 'आर' आहे. 'एस' म्हणजे ताठ, 'आर' म्हणजे त्याहून लवचीक, यालाच फ्लेक्स म्हणतात, हे एवढं मलाही कळतं. पण दोन्ही हातात धरून हलवून पाहिले, तर साडूचा 'आर' माझ्या 'एस'पेक्षा ताठ वाटतो! विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे, "एस लिहिलंय म्हणजे एसच असणार ना."

मग रात्री जागून माझ्या दांडीचे दोन आलेख शोधले. एक डावीकडून उजवीकडे चढत जातो, दुसरा उतरत जातो. एकात आकडे वीस ते सत्तर, दुसऱ्यात हजारांच्या घरात. दांडी तीच! हे नक्की काय प्रकरण आहे?

---

झटका_शेवभाजी

फ्लेक्सबद्दल धागा म्हटल्यावर मला वाटलं चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर कुणी तरी बोललं शेवटी. आत आलो तर हाई बठ्ठं मना डोकावरथीन गयं.

आम्हाला गोल्फ म्हणजे नाशिकचं गोल्फ क्लब मैदान माहीत. तिथे रणजीचा सामना पाहिलाय.

---

जुना_कॅडी

केळीवाले भाऊ, मी मूळचा अमळनेरचा. पुण्यात पंधरा वर्षं बॅगा वाहिल्या, आता क्लब दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. ग्रिप बदलणं, दांडी बदलणं, लांबी कमी-जास्त करणं, हीच रोजची कामं. त्यामुळे सांगतो.

अक्षरांची उतरंड अशी: सगळ्यात लवचीक 'एल', मग 'ए' (काही कंपन्या त्यालाच 'एम' म्हणतात), मग 'आर', मग 'एसआर', मग 'एस', मग 'एक्स'. त्याच्याही वर 'टीएक्स' असतं, ते आपल्यासारख्यांसाठी नाही. पण ही उतरंड एका कंपनीच्या एका मॉडेलपुरतीच खरी. एका कंपनीचा 'आर' आणि दुसऱ्या कंपनीचा 'आर' यांचा एकमेकांशी काही करार झालेला नाही. या अक्षरांना जगात कुठलंही प्रमाण नाही. कंपनी म्हणेल तो 'एस'.

जळगावच्या हॉटेलात शेवभाजी "मध्यम तिखट" मागवा आणि पुण्यात मागवा. शब्द एकच. जळगावच्या मध्यमनं पुणेकराच्या कानातून धूर निघतो. तसंच समजा. जपानी बाजारासाठी काढलेला 'एस' अमेरिकन 'एस'पेक्षा मऊ निघतो, हा दुकानातला नेहमीचा अनुभव.

आणखी एक. नव्या क्लबमध्ये बसवून येणारी दांडी आणि सुटी विकली जाणारी दांडी यांच्यावर रंग-नाव सारखं असलं तरी आतून माल वेगळा असू शकतो. जुना क्लब घेताना हे विचारायला हवं होतं. असो, घेऊन झालाय.

---

झटका_शेवभाजी

आते कसं बोलना! एवढं कळलं. चालू द्या.

---

केळीवाला_रावेर

धन्यवाद दादा. मग आकड्यांचं काय? ६० म्हणजे ग्रॅम ना?

---

जुना_कॅडी

हो, पण ते गटाचं नाव समजा, वजनकाट्यावरचा आकडा नव्हे. फुजिकुरा कंपनीच्या व्हेंटस दांडीवर '६ एस' लिहिलेलं असतं. त्यातला ६ म्हणजे साठीच्या घरातली आणि एस म्हणजे ताठपणा. प्रत्यक्ष वजन साठ ते सत्तरच्या मधे कुठे तरी.

लोखंडाच्या, म्हणजे स्टीलच्या दांड्यांत आणखी गंमत. डायनॅमिक गोल्ड एस२००, एस३००, एस४०० असं दिसलं की गिऱ्हाईक म्हणतं चारशेवाली जास्त ताठ. नाही! तिन्हींचा ताठपणा 'एस'च. आकडा वाढतो तसं वजन चार-दोन ग्रॅमनं वाढतं, एवढंच. एस३०० साधारण १३० ग्रॅमची. उलट प्रोजेक्ट एक्सवर ५.५, ६.०, ६.५ असे आकडे असतात, ते मात्र ताठपणाचे. निप्पॉनच्या ९५० जीएचमधला ९५० म्हणजे ९५ ग्रॅमच्या आसपास, ठीक आहे. आणि त्याच कंपनीच्या मोडस १२० वर १२० छापलंय, पण 'एस' घ्याल तर ११४ ग्रॅमच्या आसपास भरते. कुणाचा आकडा वजनाचा, कुणाचा ताठपणाचा, कुणाचा नुसता नावाचा.

रंगाचंही तेच. व्हेंटसमध्ये काळी म्हणजे चेंडू खालून नेणारी, लाल म्हणजे वर चढवणारी, निळी मधली. मित्सुबिशीच्या डायमानामध्ये खालून नेणारीला पांढरी म्हणतात. म्हणून रंग पाहून घेऊ नका.

---

पाइपवाला

माझा गोल्फशी संबंध शून्य. पण जळगावच्या एमआयडीसीत बावीस वर्षं पाइपच्या तपासणी विभागात काढली. हा धागा वाचून राहवलं नाही, कारण ही गोल्फची दांडी म्हणजे शेवटी पाइपच. बुडाशी (मुठीच्या बाजूला) जाड, शेंड्याकडे (चेंडूच्या बाजूला) निमुळता होत गेलेला पोकळ पाइप.

आधी लिखाणाबद्दल. शेतात पीव्हीसी पाइप टाकता तेव्हा त्यावर छपाई असते: आयएस ४९८५, आयएसआयचा शिक्का, व्यास मिलिमीटरमध्ये, दाबाचा वर्ग. तुम्ही म्हणता "चार किलोचा पाइप द्या", म्हणजे प्रति चौरस सेंटिमीटर चार किलो दाब सोसणारा. तो चोपड्याच्या दुकानातून घ्या की शहाद्याच्या, चार किलो म्हणजे चार किलोच, कारण त्यामागे मानक आहे, मोजायची ठरलेली पद्धत आहे, आणि न पाळणाऱ्याचा शिक्का काढून घेता येतो. तुमच्या 'एस'मागे यातलं काहीच नाही, असं कॅडीभाऊ सांगताहेत. मग तो 'एस' ही खूण नुसती ओळखीपुरती. मोजमाप म्हणून तिचा उपयोग नाही.

आता आलेख. त्याच्या उभ्या अक्षावर 'ईआय' लिहिलेलं असेल, पाहा. 'ई' म्हणजे मालाचा ताठपणा, 'आय' म्हणजे आकाराचा. दोन्हींचा गुणाकार म्हणजे त्या जागी दांडी किती लवायला नकार देते. आडव्या अक्षावर दांडीची लांबी. म्हणजे हा आलेख सांगतो की दांडी कुठे किती ताठ आहे. पूर्ण दांडीचा एकच आकडा त्यात नाही, म्हणूनच तो कामाचा.

आकाराचं गणित आमच्या रोजच्या कामातलं. पातळ भिंतीच्या पाइपाचा ताठपणा व्यासाच्या घनाच्या पटीत वाढतो, भिंतीच्या जाडीच्या मात्र साध्या पटीत. व्यास दुप्पट केला, जाडी तीच ठेवली, तर ताठपणा आठपट. म्हणून बारीक पाइप हातानं लवतो आणि बोअरचा मोठा केसिंग पाइप हलत नाही. ड्रायव्हरच्या दांडीचा व्यास बुडाशी सुमारे १५ मिलिमीटर आणि शेंड्याला साडेआठ (०.३३५ इंच) असतो असं वाचलं. गुणोत्तर पावणेदोनच्या वर, त्याचा घन साडेपाचच्या आसपास. पण शेंड्याकडे भिंत जाड ठेवतात, म्हणून प्रत्यक्षात बूड शेंड्याच्या साधारण तिप्पट ताठ निघतं. शेंड्याकडे वीस-पंचवीस आणि बुडाकडे साठ-सत्तर असे आकडे तुमच्या पहिल्या आलेखात असतील, तर ते न्यूटन-चौरस मीटरमध्ये आहेत. दुसरा हजारांवाला आलेख पाउंड-चौरस इंचाचा. ३४८नं भागा, दोन्ही जुळतील.

चढता आणि उतरता का? एकानं डावीकडे शेंडा ठेवलाय, दुसऱ्यानं बूड. कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं.

---

केळीवाला_रावेर

भागून पाहिलं. जुळले! साहेब, तुम्हाला एक फणी माझ्याकडून.

पण आलेख दांडीच्या दोन्ही टोकांपर्यंत जात नाही. चार-पाच इंच आधीच तुटतो. का?

---

पाइपवाला

मोजायच्या पद्धतीमुळे. दांडी दोन टेकूंवर आडवी ठेवतात, बरोबर मधे वजन देतात, किती खाली गेली ते डायल गेजवर वाचतात. मग इंचभर सरकवून परत. टोकाजवळ गेलं की एक टेकू हवेत, म्हणून तिथलं माप मिळत नाही. घडानं लवलेल्या केळीला तुम्ही टेकू देता तो विचार इथे उलटा.

आणि हो, नुसती रेषा वर आहे की खाली एवढंच पाहू नका, तिचा आकार पाहा. एकाच मॉडेलचे 'आर', 'एस', 'एक्स' काढले तर रेषा बहुधा एकमेकींना समांतर, एकीवर एक. पण वेगळ्या मॉडेलच्या रेषा एकमेकींना कापून जातात. एक बुडाशी वर असते आणि शेंड्याशी खाली. तुमच्या आणि साडूंच्या दांडीचं तसंच काही असणार, असा माझा अंदाज. हातात धरून हलवलं की जाणवतं ते बहुतेक बुडाकडचं.

---

तापीकाठ

धुळ्यात मेकॅनिकल शिकवतो. पाइपवाले साहेबांच्या म्हणण्याला +१, एक भर घालतो.

स्टीलमध्ये 'ई' कायम, सुमारे २०० गिगापास्कल. त्यामुळे जे काही करायचं ते व्यास आणि जाडीतूनच. स्टीलच्या दांडीवर पायऱ्या दिसतात त्या याचसाठी, व्यास टप्प्याटप्प्यानं कमी करायला. कार्बनच्या दांडीत मात्र 'ई' सुद्धा हातात असतो. रेझिन लावलेलं कार्बनचं कापड सळईवर गुंडाळून भट्टीत भाजतात. धागे दांडीच्या लांबीला समांतर ठेवले की लवणं कमी होतं, ४५ अंशांत तिरपे ठेवले की पिळणं कमी होतं.

त्यातून तो 'टॉर्क ३.८' येतो. बूड घट्ट धरून शेंड्याला ठरलेला पीळ दिला की दांडी किती अंश फिरते, तो आकडा. ड्रायव्हरच्या दांडीत तीन ते पाचच्या आसपास सहसा, स्टीलच्या आयर्न क्लबमध्ये (लोखंडी पात्याच्या, जवळच्या फटक्यांसाठीच्या) दोनच्या जवळ. कमी म्हणजे चांगलं, असं नाही. सावकाश झुलवणाऱ्याला फार कमी टॉर्कची दांडी सळईसारखी लागते. आणि हा आकडाही प्रत्येक कंपनी आपापल्या पकडीनं मोजते.

'मिड' म्हणजे दांडी सर्वात जास्त कुठे वाकते ती जागा. शेंड्याजवळ वाकली की चेंडू वर चढतो, असं सांगून विकतात. 'लो' आणि 'हाय' यांत त्या जागेचा फरक इंच-दोन इंचाचा. मी तरी त्या शब्दासाठी जास्तीचा रुपया देणार नाही. शेंड्याचा ताठपणा आलेखात सरळ दिसतो, तो पाहावा.

---

शहादेकरीण

ही अक्षरं बनवणाऱ्यांवर माझा राग आहे, तो इथे काढते.

नवऱ्याच्या बदलीमुळे सहा वर्षं पुण्यात होतो, तेव्हा शिकले. पहिला सेट घ्यायला गेले तर विकणाऱ्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि 'एल'चा पूर्ण सेट पुढे ठेवला. 'एल' म्हणजे लेडीज. चेंडू मारून दाखवा असंही म्हणाला नाही. मी लहानपणापासून शहाद्याला शेतावर वाढलेली, विहिरीचं पाणी शेंदलेलं, कॉलेजला गोळाफेक. दोन वर्षं प्रत्येक फटका डावीकडे जायचा आणि मला वाटायचं माझंच काही चुकतंय. शेवटी मैदानावरच्या एका काकांनी त्यांचा 'आर' हातात दिला. पहिलाच चेंडू सरळ.

बरं, 'ए' सुरुवातीला हौशी खेळाडूंसाठी होतं म्हणे, आता ते म्हाताऱ्यांचं झालंय. म्हणजे आमच्या काकांनी 'ए' घ्यायला हवा होता, पण लाज वाटते म्हणून 'एस' घेऊन फिरायचे!

---

जुना_कॅडी

ताई, शंभर टक्के. माझ्या दुकानात रोजचं नाटक आहे हे. साठीचे साहेब येतात, 'ए' सुचवला की चेहरा पडतो. मी आता अक्षर सांगतच नाही. दांडी हातात देतो, लेबल खाली वळवून बसवतो, मारा म्हणतो.

---

झटका_शेवभाजी

म्हणजे गोल्फमध्येही मुलगी पाहायला गेल्यावर पत्रिका आधी!

---

तापीकाठ

केळीवाले, तुम्ही घरीच का मोजत नाही? बूड पक्कं पकडा, टोकाला हिसका द्या, मिनिटाला किती वेळा खालीवर होते ते मोजा. क्लब बनवणारे हेच करतात, त्याला सीपीएम म्हणतात. ड्रायव्हरला ढोबळमानानं 'आर' २४० ते २५०, 'एस' २५० ते २६०, पण पकड किती इंचांवर आणि टोकाला किती वजन, यावर आकडा हलतो. म्हणून दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना नको. तुमच्याच दोन दांड्या एकाच पकडीत. मोबाइलचं स्लो मोशन वापरा, डोळ्यांनी नाही जमणार, सेकंदाला चार-सव्वाचार हेलकावे होतात.

आणि लांबी आधी मोजा. अर्धा इंच आखूड असली तरी दांडी ताठ भासते.

---

केळीवाला_रावेर

साडू येत्या रविवारी गावी येतोय, मांडे खायला. त्याला क्लब घेऊन यायला सांगतो. गोडाऊनमध्ये व्हाइस आहेच.

---

जुना_कॅडी

थांबा थांबा! कार्बनची दांडी व्हाइसच्या लोखंडी जबड्यात थेट धराल तर आतून तडकेल. बाहेरून काही दिसत नाही, आणि पुढच्या महिन्यात फटका मारताना दांडी तुटून क्लबचं डोकं (चेंडूला लागतो तो जाड भाग) उडतं. ग्रिपवर धरा, तेही लाकडाचे दोन ठोकळे, मधे खाच, खाचेत सायकलच्या ट्यूबचा तुकडा. दाब हलका, फक्त हलणार नाही एवढा.

---

केळीवाला_रावेर

झाला एकदाचा प्रयोग. घरातले सगळे गोडाऊनमध्ये जमले होते, आईला वाटलं पंपाचं काही तरी चाललंय.

आधी लांबी: दोन्ही सव्वापंचेचाळीस इंच, सुताचाही फरक नाही. सागाच्या ठोकळ्यांत ग्रिपचे पाच इंच पकडले. भिंतीवर पट्टी चिकटवली. टोकाच्या मानेला किराणा दुकानातून आणलेलं किलोचं वजन टांगलं आणि आधीच्या जागेपासून किती खाली गेलं ते पाहिलं. माझा 'एस' ६८ मिलिमीटर. साडूचा 'आर' ६४. तीन-तीनदा केलं, एखाद मिलिमीटर इकडेतिकडे, पण क्रम तोच. म्हणजे पूर्ण दांडी धरली तर 'आर'च ताठ! हाताला जाणवलं ते खोटं नव्हतं.

मग पाइपवाले साहेबांचा अंदाज तपासला. ठोकळ्यांत दुसरी, बारीक खाच पाडून दांडी मधेच पकडली, शेंड्याकडचे पंधरा इंच मोकळे. (कॅडीदादा, ट्यूब दुहेरी लावली होती, शपथ.) या वेळी दोन किलो टांगले. साडूचा 'आर' १७ मिलिमीटर लवला, माझा 'एस' १४.

---

पाइपवाला

वा! रेषा कापून गेल्या की. तुमचा 'एस' बुडाशी मऊ, शेंड्याला ताठ. साडूंचा 'आर' बुडाशी ताठ, शेंड्याला मऊ. दोघांच्या कंपन्या आपापल्या जागी बरोबर असतील, एकीनं शेंडा पाहून अक्षर दिलं, दुसरीनं आणखी काही पाहून.

---

तापीकाठ

सीपीएम?

---

केळीवाला_रावेर

तेही केलं. मोबाइल सेकंदाला २४० चित्रं घेतो. दहा हेलकाव्यांना माझ्या 'एस'ची ५८३ चित्रं, साडूच्या 'आर'ची ५७१. हिशोब पुतणीनं केला: माझा २४७, साडूचा २५२.

---

तापीकाठ

दिशा बरोबर, पण फरक कमी पडतोय. ६८ आणि ६४ म्हणजे ताठपणात सहा टक्के. हेलकावे ताठपणाच्या वर्गमुळाच्या पटीत वाढतात, म्हणजे तीन टक्के, मिनिटाला सात-आठ हवेत. तुमचे पाच आलेत. साडूंच्या क्लबचं डोकं जड आहे का? डोकं जड असेल तर दांडी तीच असूनही हेलकावे कमी होतात. टांगलेल्या वजनाच्या मापात डोक्याचा संबंध येत नाही, कारण तुम्ही आधीच्या जागेपासूनचा फरक पाहिलात.

---

केळीवाला_रावेर

सर, तुम्ही इथे बसून कसं ओळखलं? साडूनं डोक्याच्या तळाला शिशाची पट्टी चिकटवलीय. कुणीतरी सांगितलं म्हणून. सोनाराकडच्या काट्यावर तसाच तुकडा तोलला, पाच ग्रॅम भरला.

---

तापीकाठ

पाच ग्रॅमनं मिनिटाला तीनेक हेलकावे जातात. जुळलं.

---

शहादेकरीण

सोनाराच्या काट्यावर गोल्फ! जळगाव जिल्ह्याशिवाय हे होणार नाही.

---

झटका_शेवभाजी

बठ्ठं ठीक शे भो, पण मारायचं कोणत्या दांडीनं ते सांगा ना.

---

जुना_कॅडी

त्यासाठी माणूस पाहावा लागतो. केळीवाले, पुण्याला ड्रायव्हरचा चेंडू हवेतून किती जातो?

---

केळीवाला_रावेर

साडूच्या दुर्बिणीनं मोजलंय, चांगला लागला तर दोनशे यार्डांच्या जवळ. माझे चेंडू खाली राहतात आणि उजवीकडे पडतात. साडूचे उंच जातात, कधी कधी डावीकडे वळतात.

---

जुना_कॅडी

दोनशे म्हणजे झुलवण्याचा वेग ताशी नव्वद मैलांच्या आसपास. ढोबळ कोष्टकात ८५ ते ९५ ला 'आर' आणि ९५ ते १०५ ला 'एस' देतात. पण आता तुमच्याकडे कोष्टकापेक्षा चांगलं माप आहे, तेच वापरू.

फटका बसतो त्या क्षणी दांडी पुढच्या बाजूला लवलेली असते, कारण डोक्याचं वजन दांडीच्या रेषेत नसतं, बाजूला असतं. झुलवताना ते डोकं दांडीला आपल्याकडे खेचतं. शेंडा मऊ असेल तर ही लवण जास्त, चेंडू जरा वर उडतो, डोक्याचं तोंड जरा डावीकडे मिटतं. शेंडा ताठ असेल तर उलट. तुमचा शेंडा ताठ, तुमचे चेंडू खाली आणि उजवीकडे. साडूंचा शेंडा मऊ, त्यांचे वर आणि डावीकडे. सगळा दोष दांडीचा असतो असं मी म्हणत नाही. उजवीकडे पडण्यातला मोठा वाटा मनगटांचा असतो. पण दांडी तुम्हाला मदत करत नाहीये, एवढं नक्की.

अदलाबदल करून पाहा. नवीन काही घेऊ नका. आणि कुणी "शेंड्याकडून अर्धा इंच कापून देतो" म्हणालं तर तुमच्या दांडीला हात लावू देऊ नका. शेंड्याकडून कापलं की ती आणखी ताठ होते, आणि कापलेलं परत जोडता येत नाही. बुडाकडून कापलं तर आखूड होते, अर्ध्या इंचाला स्विंगवेटचे (झुलवताना डोकं किती जड भासतं त्या मापाचे) तीनेक गुण जातात, डोकं हलकं वाटायला लागतं.

---

केळीवाला_रावेर

अदलाबदलीचं साडूला जेवताना सांगितलं. तिसरा मांडा संपवून म्हणाला, "तुझा 'एस' मला दे, चालेल. पण माझा 'आर' तू घेतलास तर क्लबात लोक मला विचारतील ना, तू केव्हापासून 'एस' मारायला लागलास म्हणून." मला आधी वाटलं नको म्हणतोय. तो खूश होऊन सांगत होता! लेबल वर येईल असं बसवून दे म्हणाला.

पुतणीनं मधेच विचारलं, "काका, पण त्यांचा आधीचाच जास्त ताठ होता ना?" सगळे गप्प.

तर मंडळी, अदलाबदल झालीय. आज सकाळी शेडनेटमध्ये त्याच्या 'आर'नं चाळीस चेंडू मारले. उंची जाळीत कळत नाही, पण आवाज वेगळा येतो आणि चेंडू जाळीला पूर्वीपेक्षा हातभर वर लागतात. खरं काय ते जूनमध्ये पुण्याला.

---

पाइपवाला

फणी कधी पाठवताय?

---

केळीवाला_रावेर

गाडी जळगावला गुरुवारी येते, साहेब. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. क्लबची बॅग पण डिकीतच असते, सोबत दाखवतो.

---

जुना_कॅडी

बॅग डिकीत?! मे महिना आहे भाऊ, रावेर-भुसावळचं ४४-४५चं ऊन. बंद डिकी भट्टीसारखी तापते. डोकं आणि दांडी इपॉक्सीनं चिकटवलेली असतात, रोज असं तापत राहिलं की ते मऊ पडतं. आमच्या दुकानात दांडी काढायची तर आम्ही मुद्दाम गरम हवाच मारतो. आजच घरात आणा, केळीच्या रायपनिंग चेंबरशेजारी ठेवा हवं तर.

---

केळीवाला_रावेर

आणली. देव्हाऱ्याच्या खोलीत उभी केलीय. आई विचारतेय, पूजा करायची का.